ब्रूटस आणि अँटनी: भाषणातून माणूस कसा वाचायचा

प्रश्न असा आहे: शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’मध्ये सीझरच्या हत्येनंतर रोमच्या चौकात हत्येच्या कटातला ब्रूटस आणि सीझरचा मित्र अँटनी लोकांसमोर बोलतात. या दोन भाषणांतून दोघांचे स्वभाव कसे उघड होतात, आणि हे परीक्षेच्या उत्तरात किंवा रंगमंचावर कसं दाखवायचं?

सुरुवातीलाच एक वाक्य बाजूला ठेवा, कारण बहुतेक उत्तरं तिथेच अडकतात: ‘ब्रूटस बुद्धीला आवाहन करतो, अँटनी भावनेला.’ गाइडांतून हे वाक्य इतकं फिरलंय की संहिता न उघडताच लिहिलं जातं. संहिता उघडली तर उलटं चित्र दिसतं. सीझर महत्त्वाकांक्षी होता, या आरोपासाठी ब्रूटस एकही पुरावा देत नाही. अँटनी मात्र तीन देतो. आणि त्याचं बोलणं जरा थांबताच गर्दीतला पहिला नागरिक म्हणतो, ‘याच्या बोलण्यात बरंच तथ्य आहे असं वाटतं.’ तर्काला दाद मिळते ती अँटनीला.

मग फरक कुठे आहे? दोघं समोरच्या माणसांना काय समजतात आणि त्या माणसांनी प्रतिसाद दिल्यावर काय करतात, यात आहे. ब्रूटस प्रश्न विचारतो, पण उत्तर ऐकत नाही. अँटनी प्रत्येक हुंकार ऐकतो आणि त्यावर पुढचं पाऊल टाकतो. दोघांचा अख्खा स्वभाव या एका गोष्टीत सापडतो. म्हणून दोन्ही भाषणं वाचताना बोटं गर्दीच्या ओळींवर ठेवा.

थोडी पार्श्वभूमी लागेल. नाटक १५९९ च्या सुमाराचं, छापलं गेलं १६२३ च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या एकत्रित संग्रहात. कथानक घेतलंय प्राचीन ग्रीक लेखक प्लूटार्कच्या चरित्रांवरून, तेही टॉमस नॉर्थच्या १५७९ च्या इंग्रजी भाषांतरातून. प्लूटार्क दोघांच्या शैलीबद्दल बोलतो: ब्रूटसची ग्रीक पत्रं अगदी त्रोटक, मोजक्या शब्दांची असत, तर अँटनीची शैली आशियाई वळणाची, भपकेदार होती. पण या दोन भाषणांचा मजकूर प्लूटार्ककडे नाही. तो शेक्सपिअरने रचला, आणि रचताना घटनांचा क्रमही बदलला. प्लूटार्ककडे सीझरचं मृत्युपत्र आधी वाचलं जातं आणि अँटनीचं भाषण नंतर होतं. नाटकात मृत्युपत्राचा उल्लेख मध्येच होतो आणि ते वाचलं जातं अगदी शेवटी. हा बदल का केला, ते पुढे येईल.

भाषणांचं वाचन तिसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशापासून सुरू करू नका. एक प्रवेश मागे जा. हत्या नुकतीच झाली आहे आणि अँटनी अंत्यविधीत बोलण्याची परवानगी मागतो. कटातला साथीदार कॅशियस ब्रूटसला बाजूला घेऊन सांगतो: तू काय करतोयस ते तुला कळत नाही, याला बोलू देऊ नकोस. ब्रूटसचं उत्तर त्याच्या स्वभावाचा नकाशाच आहे. आधी मी व्यासपीठावर जाईन, आपलं कारण सांगेन, मग अँटनी आपल्या परवानगीने बोलतोय हे जाहीर करीन. यात आपला फायदाच आहे. मग तो अँटनीला अटी घालतो. आम्हाला दोष द्यायचा नाही. सीझरबद्दल हवं तितकं चांगलं बोल. आमच्या परवानगीने बोलतोस हे सांग. आणि याच व्यासपीठावरून, माझ्या नंतर बोल. प्रत्येक अट सभ्य आहे आणि प्रत्येक अट घातक आहे. सभेत शेवटचा शब्द विरोधकाच्या हाती देणारा हा माणूस मूर्ख नाही. आपलं कारण एकदा सांगितलं की नंतर बोलणाऱ्यासाठी काही उरणारच नाही, अशी त्याची पक्की समजूत आहे.

आता त्याचं भाषण. ते गद्यात आहे. गद्य म्हणजे खालच्या दर्जाच्या पात्रांची भाषा, हा नियम इथे लावू नका. ब्रूटस एरवी बहुतेक पद्यात बोलतो, इथे तो मुद्दाम गद्य निवडतो. आणि ते गद्य अतिशय घडीव आहे, जोड्याजोड्यांनी तोललेलं. सीझरचं माझ्यावर प्रेम होतं म्हणून मी रडतो, तो भाग्यवान होता म्हणून आनंद मानतो, शूर होता म्हणून मान देतो, पण तो महत्त्वाकांक्षी होता म्हणून मी त्याला मारलं. लगेच हीच यादी पुन्हा: प्रेमाला अश्रू, भाग्याला आनंद, शौर्याला मान आणि महत्त्वाकांक्षेला मृत्यू. कानाला हे पूर्ण वाटतं. पण चौथा घटक सिद्ध कुठे झाला? पहिल्या तिघांच्या ओळीत उभा राहिल्यामुळे तो खरा भासतो, इतकंच.

त्याच्या सुरुवातीच्या एका वाक्याजवळ थांबायलाच हवं. अर्थ असा: माझ्या प्रतिष्ठेखातर माझ्यावर विश्वास ठेवा, आणि विश्वास बसावा म्हणून माझ्या प्रतिष्ठेचा मान राखा. हे वर्तुळ आहे. विश्वासाचा आधार प्रतिष्ठा, प्रतिष्ठेचा आधार विश्वास. बाहेरची एकही गोष्ट आत येत नाही. ॲरिस्टॉटलची तीन साधनं लावायची असतील (वक्त्याची पत, श्रोत्याची भावना, युक्तिवाद) तर ब्रूटस जवळजवळ पूर्णपणे पहिल्यावर उभा आहे. म्हणून ‘ब्रूटस तर्कनिष्ठ’ असं न लिहिता ‘ब्रूटसला आपली सचोटी हाच पुरावा वाटतो’ असं लिहा. दुसरं वाक्य संहितेत दाखवता येतं.

पण याहून खोल पुरावा दुसऱ्या अंकात, बागेतल्या त्याच्या स्वगतात आहे. तिथे तो स्वतःशी प्रामाणिक आहे. सीझरशी माझं वैयक्तिक वैर नाही. राजमुकुट मिळाला तर त्याचा स्वभाव बदलेल का, हा प्रश्न आहे. त्याच्या भावना त्याच्या विवेकावर स्वार झाल्याचं मी कधी पाहिलेलं नाही. तो आज जसा आहे त्यावरून आरोप टिकत नाही, म्हणून आपण तो असा मांडू: सापाचं अंडं समजून कवचातच मारून टाकू. म्हणजे स्वगतात सगळं ‘कदाचित’ आहे. चौकात तेच ‘होता’ झालं. ‘तो महत्त्वाकांक्षी होऊ शकेल’ याचं ‘तो महत्त्वाकांक्षी होता’ कधी झालं, हे ब्रूटसलाही कळलेलं नाही. तो लोकांशी खोटं बोलत नाही, त्याने आधी स्वतःला फसवलंय. उत्तरात ही दोन ठिकाणं शेजारी ठेवली की ‘आदर्शवादी ब्रूटस’ या गुळगुळीत शब्दाला धार येते.

मग तो प्रश्न विचारतो. गुलाम व्हायला तयार असेल इतका हीन इथे कोण आहे? रोमन असणं नको असलेला इतका रानटी कोण? मायभूमीवर प्रेम नसलेला इतका नीच कोण? असेल तर बोला, मी त्याचा अपराधी आहे. ‘उत्तरासाठी मी थांबतो.’ या प्रश्नांना ‘मी’ म्हणणारा माणूस जगात सापडणार नाही. लोक ‘कोणी नाही, ब्रूटस’ म्हणतात आणि त्याला वाटतं निकाल लागला.

खरा प्रतिसाद त्यानंतर येतो. एक म्हणतो, याला वाजतगाजत घरी नेऊ. दुसरा म्हणतो, पूर्वजांशेजारी याचा पुतळा उभारा. तिसरा म्हणतो: ‘हाच सीझर होऊ दे.’ चौथा म्हणतो, सीझरच्या चांगल्या गुणांना ब्रूटसच्या रूपाने मुकुट मिळेल. ज्या मुकुटाच्या भीतीने खून केला, तोच मुकुट लोक त्याच्या डोक्यावर ठेवायला निघालेत! भाषण संपूर्ण फसलंय. प्रजासत्ताक म्हणजे काय, हे एकालाही कळलेलं नाही. ब्रूटस काय करतो? ‘देशबांधवहो’ म्हणून सुरुवात करू पाहतो, गलबल्यात अडतो, आणि चूक दुरुस्त करण्याऐवजी सांगतो: मला एकट्याला जाऊ द्या, माझ्यासाठी तुम्ही इथे थांबून अँटनीचं ऐका. आणि निघून जातो. कारण सांगून झालं, त्याच्या लेखी काम संपलं. ब्रूटसच्या शोकांतिकेचं मूळ दाखवायला माझ्या मते या प्रस्थानाइतका चांगला क्षण नाटकात दुसरा नाही. ‘सीझर होऊ दे’ ही ओळ उत्तरात नसेल तर ब्रूटसवरचं उत्तर अपुरं आहे.

अँटनी सुरू करतो तेव्हा गर्दी त्याच्या विरोधात आहे. ‘इथे ब्रूटसबद्दल वाईट न बोललेलं बरं’, ‘हा सीझर जुलमी होता’ ही वाक्यं त्याच्या भाषणाच्या आधीची आहेत. म्हणून तो नम्रपणे सुरू करतो: मी सीझरला पुरायला आलोय, स्तुती करायला नाही. ब्रूटसने घातलेल्या अटी तो एकेक करून पाळतो, आणि पाळता पाळता शस्त्रासारख्या वापरतो. परवानगीचा उल्लेख करायचा होता. तो करतो, आणि त्यालाच जोडून ‘ब्रूटस सन्माननीय माणूस आहे’ हे पालुपद सुरू करतो. दोष द्यायचा नव्हता. तो देत नाही, फक्त ‘ब्रूटस म्हणतो सीझर महत्त्वाकांक्षी होता’ आणि आपण पाहिलेली गोष्ट एकमेकांशेजारी ठेवतो.

त्या गोष्टी तीन. सीझरने आणलेल्या युद्धकैद्यांच्या खंडणीने सरकारी तिजोरी भरली. गरीब रडले तेव्हा सीझर रडला. ल्यूपरकलच्या सणात आपण तीनदा मुकुट पुढे केला आणि त्याने तीनदा नाकारला. पहिली आणि तिसरी सरळ आरोपाला भिडतात, दुसरी थोडी मऊ आहे. पण सावध वाचकाने इथे पहिल्या अंकातली, कटातल्याच कॅस्काची हकिगत काढावी. कॅस्का सांगतो की सीझरने मुकुट नाकारला खरा, पण दर वेळी आधीपेक्षा नाखुशीने, आणि मनातून त्याला तो हवा होता. शिवाय मुकुट पुढे करणारा स्वतः अँटनीच होता. म्हणजे साक्ष खरी आहे, पण अर्धी आहे, आणि साक्षीदार तटस्थ नाही. अँटनीची पद्धत अशी: तो सहसा खोटं सांगत नाही, खऱ्यातलं सोयीचं तेवढं उचलतो.

पहिल्या विरामापर्यंत ब्रूटसला ‘सन्माननीय’ चार वेळा म्हटलं जातं. नंतर हा शब्द ब्रूटसवरून सरकून सगळ्या कटवाल्यांवर जातो, आणि शेवटी रूप घेतो: ‘ज्यांच्या खंजिरांनी सीझरला भोसकलं त्या सन्माननीय माणसांवर अन्याय होईल अशी मला भीती वाटते.’ त्यावर चौथा नागरिक ओरडतो, ‘ते गद्दार होते! म्हणे सन्माननीय!’ गद्दार हा शब्द आधी गर्दीच्या तोंडून येतो, अँटनीच्या नंतर. क्रम पाहून ठेवा. हवा तो निष्कर्ष तो स्वतः काढत नाही, लोकांना काढू देतो आणि मग त्यांचाच शब्द उचलतो.

विरामही तुलनेला घ्यावेत. ब्रूटस उत्तरासाठी थांबतो आणि ठरलेलं उत्तर घेतो. अँटनी ‘माझं काळीज त्या शवपेटीत सीझरजवळ आहे, ते परत येईपर्यंत थांबलं पाहिजे’ म्हणून थांबतो आणि त्या वेळात लोक आपसात बोलतात: बोलण्यात तथ्य आहे, बिचाऱ्याचे डोळे रडून लाल झालेत, अँटनीइतका थोर माणूस रोममध्ये नाही. पुन्हा तोंड उघडताना जमीन किती भिजलीय ते त्याला माहीत असतं.

त्यानंतर मृत्युपत्र. हा कागद सीझरच्या खोलीत सापडला, पण मी वाचणार नाही. लोक मागणी करतात. तो म्हणतो, तुम्ही लाकूड नाही, दगड नाही, माणसं आहात, ऐकून पेटून उठाल. (पहिल्याच प्रवेशात मारुलस हा रोमन अधिकारी याच गर्दीला ‘ठोकळे, दगड’ म्हणून झापतो. गर्दी तेव्हाही हलते, शरमेने गप्प होऊन पांगते. अँटनी तेच शब्द उलटवून वापरतो.) मग तो खाली उतरण्याची परवानगी मागतो, आणि ती लोकांकडे मागतो. व्यासपीठावर आला तेव्हा परवानगी ब्रूटसची होती. उतरताना ती गर्दीची झाली. सत्ता कोणाकडून कोणाकडे गेली हे एका वाक्यात दिसतं.

खाली आल्यावर तो मृत्युपत्र बाजूलाच ठेवतो आणि सीझरचं वस्त्र उचलतो. हे त्याने पहिल्यांदा घातलं ते नर्व्ही जमातीला हरवलं त्या दिवशी, उन्हाळ्यातल्या संध्याकाळी, तंबूत. ती लढाई इ.स.पू. ५७ ची, आणि अँटनी गॉलमध्ये (आजच्या फ्रान्सच्या भागात) सीझरकडे आला तो त्यानंतर. पुढे तो छिद्रांवर बोट ठेवतो: हे कॅस्काचं, हे लाडक्या ब्रूटसचं. प्रत्यक्षात हत्येच्या वेळी कटवाल्या ट्रेबोनियसने त्याला बाहेर नेलं होतं, कोणता वार कोणाचा हे त्याने पाहिलंच नव्हतं. पुराव्याच्या टप्प्यावर जपून बोलणारा अँटनी आता सरळ रचून सांगतोय, कारण तपासणारं कोणी उरलं नाही, हे त्याने ओळखलंय. कारागिरी म्हणून हे थक्क करणारं आहे आणि माणूस म्हणून भीती वाटावी असं.

‘मी ब्रूटससारखा वक्ता नाही, साधा सरळ माणूस आहे’ हे तो कधी म्हणतो तेही पाहा: प्रेत उघडं करून झाल्यावर, लोक सूडाच्या घोषणा देत असताना. सुरुवातीला हे म्हटलं असतं तर ती नुसती नम्रता झाली असती. इथे तो जबाबदारी झटकतोय: भडकवणारा मी नव्हे, जखमाच बोलतात.

आणि आता एक हमखास होणारी चूक. ‘मृत्युपत्र वाचल्यावर गर्दी खवळली’ असं लिहिलं जातं. गर्दी आधीच ब्रूटसचं घर जाळायला निघालेली असते. अँटनीच तिला परत बोलावतो: तुम्ही काय करायला निघालात ते तुम्हाला माहीत नाही, मृत्युपत्र विसरलात. मग वाचतो: प्रत्येक नागरिकाला ७५ द्राख्मा (चांदीची नाणी), आणि टायबरकाठच्या बागा कायमच्या लोकांना. क्रम बदलण्याचं कारण हेच. संताप ओसरतो, पण आपल्या नावावर झालेला पैसा आणि बाग सहज विसरली जात नाही. भावनेवर गर्दी चालून जाईल, पण फार काळ चालायची तर तिला स्वतःचा हिस्सा लागतो, एवढं अँटनीला कळतं. ब्रूटसने त्यांना स्वातंत्र्य देऊ केलं होतं, ज्याची किंमत त्यांना समजली नाही.

गर्दी गेल्यावर तो एकटा उरतो: आता हे आपोआप पसरू दे, उत्पाता, तू निघालास, हवा तो मार्ग घे. पुढचाच प्रवेश सिन्ना कवीचा. नावसाधर्म्यामुळे जमाव त्याला धरतो, आणि कटवाला सिन्ना तो नव्हे हे कळल्यावरही त्याच्या वाईट कवितांसाठी त्याला फाडायला निघतो. हा प्रवेश वगळून भाषणाचं मूल्यमापन करू नये.

मग चौथा अंक. आता रोमची सत्ता हाती असलेले तिघं, अँटनी, ऑक्टेव्हियस आणि लेपिडस, कोणाला मारायचं याची यादी करत बसलेत. अँटनी आपल्या भाच्याच्या नावावर टिंब टाकतो. आणि लेपिडसला सांगतो: सीझरचं मृत्युपत्र घेऊन ये, त्यातल्या देण्यांपैकी काही खर्च कसा कापता येईल ते ठरवू. चौकात ज्या देणग्यांवर त्याने रोम पेटवलं, त्याच देणग्या! अँटनीच्या भाषणाचा सगळ्यात कठोर निकाल देणारी ही दोन-तीन ओळींची जागा आहे आणि विद्यार्थी ती सर्रास सोडतात.

तरीही त्याला नुसता ढोंगी ठरवू नका. तिसऱ्या अंकात प्रेताजवळ एकटा असताना तो सीझरची माफी मागतो, या खाटकांशी मी मवाळपणे वागतोय म्हणून. ऐकणारं कोणी नाही, म्हणजे दुःख खरं आहे. त्याच दमात तो युद्धाचे कुत्रे सोडण्याची भाषा करतो. दुःख खरं आणि त्याचा वापरही खरा, दोन्ही एकाच माणसात. अवघड गोष्ट आहे, पण अँटनी हाच आहे.

रंगमंचासाठी काही गोष्टी. अँटनीचं भाषण ऑडिशनला फार निवडलं जातं आणि बहुतेक वेळा पहिल्याच ‘सन्माननीय’ला उपरोध येऊन बिघडतं. गर्दी त्या क्षणी ब्रूटसची आहे. उपरोध ऐकू आला तर ती अँटनीला खाली खेचेल. पहिला उच्चार सरळ, जवळजवळ मनापासून हवा. दुसरा तसाच. तिसऱ्याला किंचित थबकणं, चौथ्याला प्रश्नाची छटा, आणि उघड धार ‘खंजिरांनी’च्या वाक्यापर्यंत राखून ठेवा. मृत्युपत्राची गुंडाळी पहिल्या उल्लेखापासून प्रेक्षकांना दिसत राहिली पाहिजे. प्रेत ब्रूटसच्या बोलण्याच्या शेवटाकडे मंचावर येतं, कारण त्याची घोषणा ब्रूटसच करतो; ते उशिरा आणलं तर दृश्य अर्धं होतं. ब्रूटसला रुक्ष करू नका. त्याने गर्दी खरोखर जिंकली नाही, तर अँटनीने उलटवायचं काय? आणि नागरिकांची वाक्यं सामूहिक ओरड्यात बुडवू नका. चार वेगळे आवाज ठेवा आणि ‘हाच सीझर होऊ दे’ येताना बाकीचे क्षणभर खाली आणा.

लेखी उत्तरात अलंकारांची यादी देण्याचा मोह टाळा. ‘इथे पुनरुक्ती आहे’ एवढ्याने गुण मिळत नाहीत. पुनरुक्ती, तिच्यावर गर्दीची प्रतिक्रिया आणि त्यातून दिसणारा स्वभाव, हे तिन्ही एकाच परिच्छेदात हवं. नमुन्यादाखल: ‘ब्रूटस उत्तरासाठी थांबतो, पण त्याचे प्रश्न असे आहेत की होकार देणारा स्वतःच नीच ठरेल. लोकांची संमती त्याला गृहीतच आहे. म्हणून ते त्याला सीझर करायला निघतात तेव्हा आपलं म्हणणं पोचलेलं नाही, हे त्याच्या लक्षात येत नाही.’ असे चार-पाच परिच्छेद पुरतात: दोन ब्रूटसवर, दोन अँटनीवर, आणि जमलं तर एक सीझरवर. हत्येच्या काही क्षण आधी सीझर स्वतःला ध्रुवताऱ्यासारखा अढळ म्हणवतो. तेही सार्वजनिक भाषणच आहे, आणि तेही समोरच्यांकडे न पाहता केलेलं. त्या वेळी त्याच्यापुढे गुडघे टेकणाऱ्यांत ब्रूटसही असतो.